छिंगहाव : एका चिनी झुडपाची आणि हिवतापाच्या औषधाची हकिकत



पावसाळा लागला की आपल्या वस्तीत कोणाला ना कोणाला हुडहुडी भरून ताप येतो. दवाखान्यात बोटातून रक्त घेतात, काचेवर तपासतात, आणि 'मलेरिया आहे' असं सांगून गोळ्या हातात देतात. आपण त्या गोळ्या घेतो, बरे होतो, कामाला लागतो. पण ही गोळी आली कुठून, ती कोणी शोधली, कोणाच्या कष्टातून ती आपल्यापर्यंत पोहोचली, हे सहसा कोणी विचारत नाही. राजांचा आणि लढायांचा इतिहास असतो, तसा औषधांचाही इतिहास असतो. आणि त्या इतिहासात कष्टकऱ्यांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे. म्हणून या स्मरणिकेत आम्ही एका चिनी झुडपाची हकिकत सांगणार आहोत.

या झुडपाला चिनी भाषेत 'छिंगहाव' म्हणतात. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ. चैत्रात आपल्याकडे बाजारात दवणा येतो, तो सर्वांना माहीत आहे. दवणा आणि छिंगहाव ही एकाच कुळातली भावंडं. पानं तशीच बारीक चिरलेली, वास तसाच उग्र. छिंगहाव मात्र माणसाच्या उंचीपर्यंत आणि त्याहूनही वर वाढतं, त्याला बारीक पिवळी फुलं येतात, आणि एका वर्षात त्याचं आयुष्य संपतं. चीनमध्ये ते रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर कुठेही उगवतं. थोडक्यात, तण म्हणून उपटून टाकावं असं झाड.

या झाडाचा औषध म्हणून उल्लेख फार जुना आहे. चीनच्या हुनान प्रांतात मावांगदुई या ठिकाणी इसवी सनापूर्वी १६८ साली बंद केलेली एक कबर १९७३ साली उकरण्यात आली. तिच्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यातल्या बावन्न रोगांच्या ग्रंथात छिंगहावचं नाव आहे, पण ते मूळव्याधीवर. तापाचा संबंध आला त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. इसवी सनाच्या चौथ्या शतकात गे होंग नावाचा एक विद्वान होऊन गेला. तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडावेत असे सोपे उपाय त्याने एका पुस्तकात गोळा केले. महाग औषधं गरिबाला मिळत नाहीत, म्हणून सहज मिळणाऱ्या वनस्पतींवर त्याचा भर होता. त्यात थंडीतापासाठी त्याने लिहिलं की, मूठभर छिंगहाव पाण्यात भिजत घालावं, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. पुढे १५९६ साली छापल्या गेलेल्या ली शिझेनच्या मोठ्या वनौषधी ग्रंथातही तापाच्या संदर्भात छिंगहाव आहे. गे होंगने 'उकळा' म्हटलं नव्हतं, 'पिळा' म्हटलं होतं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. त्याचं महत्त्व पुढे येईल.

आता थोडं हिवतापाबद्दल. हा रोग खराब हवेने होतो असं शतकानुशतकं लोक मानत होते. १८८० साली लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात रोग्याच्या रक्तात त्याचा सूक्ष्म जंतू पाहिला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादला, तो जंतू डासाच्या पोटात पाहिला. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं. पण ज्या हुसेन खान नावाच्या रोग्याने अंगावर डास चावून घेतले, त्याला दर डासामागे एक आणा मिळाला होता. हेही इतिहासात नोंदलेलं आहे, आणि आपण ते विसरता कामा नये.

मुंबईचाही यात भाग आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबई शहरातल्या हिवतापावर अहवाल दिला. शहराच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणारे डास हे इथल्या तापाचं मूळ आहे, असं त्यात दाखवलं. त्यानंतर विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम झाली. आज गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का, हे बघायला पालिकेचा माणूस जिना चढून येतो, त्या कामाची मुळं इतकी मागे आहेत.

औषध म्हणून जगाकडे पहिल्यांदा होतं ते क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली पॅरिसमध्ये दोन औषधशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. इंग्रजांनी १८६० च्या सुमारास ते झाड निलगिरीत आणून लावलं. पुढे पोस्ट ऑफिसातून क्विनीनच्या पुड्या विकल्या जात. १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्विन तयार झालं. स्वस्त, सुटसुटीत आणि गुणकारी. आता हिवताप संपला, असं अनेकांना वाटू लागलं. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर आणि दक्षिण अमेरिकेत असे जंतू दिसू लागले की ज्यांना क्लोरोक्विन लागूच पडेना. हे जंतू फाल्सिपेरम जातीचे, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारे, जीव घेणारे.

अशात व्हिएतनामचं युद्ध पेटलं. जंगलात लढणारे दोन्ही बाजूंचे सैनिक गोळीप्रमाणेच तापानेही मरत होते. अमेरिकन लष्कराने दोन लाखांहून अधिक रसायनं तपासली. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बीजिंगमध्ये एक बैठक झाली आणि गुप्त मोहीम ठरली. पाचव्या महिन्याची तेवीस तारीख, म्हणून तिचं नाव पडलं 'प्रकल्प ५२३'. साठाहून अधिक संस्था आणि पाचशेच्या आसपास संशोधक या कामाला जुंपले गेले.

काळ कठीण होता. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा गदारोळ चालू होता. जाणत्या प्राध्यापकांना बाजूला सारलं होतं, कित्येकांना खेड्यात मजुरीला धाडलं होतं. अशा वेळी, जानेवारी १९६९ मध्ये, बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतल्या एका गटाची जबाबदारी अडतीस वर्षांच्या एका बाईवर आली. त्यांचं नाव तू यूयू.

तू यूयू यांचा जन्म ३० डिसेंबर १९३० चा, निंगबो शहरातला. सोळाव्या वर्षी त्यांना क्षय झाला आणि दोन वर्षं शाळा सुटली. त्या दुखण्यातूनच औषधाचा अभ्यास करायचं मनात आलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. १९५५ साली त्या औषधशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागल्या. नंतर अडीच वर्षं पारंपरिक चिनी वैद्यकही शिकल्या. म्हणजे एका हातात नवी रसायनविद्या आणि दुसऱ्या हातात जुने ग्रंथ. पण डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. आणि पुढे जगभर नाव झालं तेव्हाही त्या चीनच्या विज्ञान अकादमीच्या सदस्य नव्हत्या. चिनी लोक त्यांना 'तीन नाहींची प्राध्यापिका' म्हणतात ते यामुळे.

काम सुरू झालं तेव्हा त्यांना हायनान बेटावर पाठवण्यात आलं. तिथे हिवतापाने शेवटच्या घटकेला टेकलेली लहान मुलं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. नवरा कामासाठी दूर पाठवलेला. थोरली मुलगी चार वर्षांची, तिला पाळणाघरात ठेवलं, धाकटी आजी-आजोबांकडे. घर आणि काम यांची अशी ओढाताण आपल्या भगिनींना नव्याने सांगायला नको.

तू यूयू यांच्या गटाने जुने ग्रंथ चाळले, गावोगावच्या वैद्यांना विचारलं आणि दोन हजारांवर उपाय गोळा केले. त्यातून निवडून ६४० नुसख्यांची एक वही केली. मग एकेका वनस्पतीचा अर्क काढून, हिवताप दिलेल्या उंदरांवर तपासणी. सुमारे दोनशे वनस्पती आणि ३८० च्या वर अर्क! एकदा छिंगहावच्या अर्काने उंदरातले ६८ टक्के जंतू कमी झाले. सगळ्यांना हुरूप आला. पण पुन्हा करून पाहिलं तर आकडा खाली घसरला, कधी ४० टक्के, कधी १२. एकदा लागू पडतं आणि पुन्हा पडत नाही, त्याला औषध कसं म्हणायचं? झाड बाजूला पडण्याच्या बेतात होतं.

तेव्हा त्या पुन्हा गे होंगच्या पुस्तकाकडे वळल्या. भिजवा, पिळा, रस प्या. बाकी सगळे काढे उकळायचे, मग हा का उकळायचा नाही? उष्णतेने आतलं द्रव्य मरत असेल काय? या शंकेवरून त्यांनी पद्धत बदलली. पाणी १०० अंशाला उकळतं, पण ईथर नावाचं द्रव्य अवघ्या ३५ अंशाला उकळतं. थंडपणे अर्क काढायचा तर ईथर बरं. देठ टाकून फक्त पानं घेतली, ईथरमध्ये अर्क काढला आणि त्यातला आम्लाचा भाग वेगळा करून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काची तपासणी झाली. उंदरातले जंतू शंभर टक्के गेले. वर्षअखेरपर्यंत माकडांवरही तोच निकाल आला.

मोठा अर्क काढायचा तर कारखाने बंद. मग घरगुती पाण्याचे रांजण आणून त्यात ईथर ओतून पाला भिजवला. खोलीत वारा खेळायची सोय नाही, ईथरची वाफ नाकातोंडात जायची. माणसं आजारी पडली, तू यूयू यांच्या स्वतःच्या यकृताला त्रास झाला. साच्यावरचा आणि पिंजण खात्यातला कापूस ज्यांच्या छातीत गेला आहे, त्यांना हे वाचून वेगळं समजावून द्यायला नको. औषधं प्रयोगशाळेत आपोआप तयार होत नाहीत, कोणाचं तरी शरीर त्यात झिजतं.

प्राण्यांवरून माणसांवर जाताना विषाची शंका होती. हिवतापाचा हंगाम निघून चालला होता. जुलै १९७२ मध्ये तू यूयू आणि दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात देखरेखीखाली आधी स्वतः तो अर्क घेतला. काही अपाय झाला नाही. त्यानंतर हायनानला २१ रोग्यांना औषध दिलं गेलं. ताप उतरला, रक्तातले जंतू गेले. ८ नोव्हेंबर १९७२ रोजी शुद्ध पांढरे स्फटिक हाती आले. त्याचं नाव छिंगहावसू, म्हणजे छिंगहावचं सत्त्व. जग त्याला आर्टेमिसिनिन म्हणतं.

आता थोडी रसायनाची गोष्ट. घाबरू नका, ती कळण्यासारखी आहे. या द्रव्याच्या एका रेणूत १५ कार्बनचे, २२ हायड्रोजनचे आणि ५ ऑक्सिजनचे अणू असतात. क्विनीनमध्ये नायट्रोजन असतो, यात तो अजिबात नाही. त्यामुळे हिवतापाच्या औषधांत हे अगदी वेगळ्या घराण्यातलं निघालं. त्याची रचना शांघाय आणि बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी १९७५ ते १९७७ च्या दरम्यान क्ष-किरणांच्या मदतीने पक्की केली. रेणूच्या मधोमध दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरून बसलेले आहेत. याला पेरॉक्साइडचा पूल म्हणतात. हा पूल ताणलेल्या सुतासारखा, धक्का लागला की तुटणारा.

धक्का कोण देतो? लोह देतं. हिवतापाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून तिथलं हिमोग्लोबिन खातो. हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. जंतू जितका खातो तितकं लोहयुक्त द्रव्य त्याच्या पोटात सुटं होतं. औषध तिथे पोहोचलं की ते लोह हा पूल तोडतं, आणि तुटलेले तुकडे आगीच्या ठिणगीसारखे जंतूच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात व त्यांचा नाश करतात. ज्या अन्नावर जंतू पोसतो, तेच त्याच्या मुळावर येतं. म्हणून हे औषध इतक्या झपाट्याने काम करतं.

पण याला एक कमजोरी आहे, आणि इथेच आपला खरा संबंध येतो. हे औषध रक्तात फार थोडे तास टिकतं. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, माणसाला वाटतं आपण बरे झालो, बुडालेला रोज आठवतो, आणि उरलेल्या गोळ्या खिडकीत राहतात. अंगात उरलेले थोडे जंतू मात्र पुन्हा वाढतात. म्हणून या औषधाच्या जोडीला रक्तात जास्त दिवस टिकणारं दुसरं औषध द्यायचं ठरलं. पहिल्याने फौज मोडायची, दुसऱ्याने पळालेले गाठायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून अशा जोडगोळीची शिफारस केली आणि २००६ साली एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकणं थांबवा असं कंपन्यांना बजावलं. आपल्या देशात २०१० पासून फाल्सिपेरमवर अशी जोडगोळी हा सरकारी कार्यक्रमातला पहिला उपाय झाला. मरणासन्न रोग्यांसाठी याच घराण्यातलं आर्टेसुनेटचं इंजेक्शन आहे. भारतासह चार देशांत त्याची क्विनीनशी तुलना झाली, तिचे निकाल २००५ साली आले. क्विनीन दिलेल्यांत शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांत १५. शंभरामागे सात माणसं वाचली, म्हणजे सात घरं वाचली.

महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वांत मोठा भार गडचिरोलीच्या जंगलातले आदिवासी बांधव सोसतात, आणि तिथे बहुतांशी फाल्सिपेरमच असतो. तिथल्या गावात ही गोळी वेळेवर पोहोचते की नाही, यावर जीव अवलंबून आहे. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळांनीही या झाडाची लागवड करून, त्याच्या सत्त्वापासून आर्टीथर नावाचं इंजेक्शन तयार केलं. म्हणजे हे झाड आता आपल्याही मातीतलं झालं आहे.

श्रेयाचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. १९७७ साली या द्रव्याची रचना चिनी मासिकात पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा लेखावर एकाही माणसाचं नाव नव्हतं, फक्त संशोधन गटाचं नाव. यूनान आणि शानतुंग प्रांतांतल्या गटांनीही हे सत्त्व स्वतंत्रपणे काढलं होतं. क्वांगचौचे डॉ. ली क्वोछियाव यांनी मेंदूज्वर झालेल्या रोग्यांवर त्याचा गुण दाखवला होता. २०११ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि २०१५ साली नोबेलचा अर्धा हिस्सा तू यूयू यांना मिळाला, तेव्हा चीनमध्येच वाद झाला की एकट्यांना का? तू यूयू यांनी हा मान साऱ्या चिनी शास्त्रज्ञांचा असल्याचं म्हटलं. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थंड अर्काची युक्ती त्यांची. पण शेकडो हातांशिवाय तिची गोळी झाली नसती.

आणखी एक वाद आहे, तो आपल्या वस्तीपर्यंत येतो. नोबेल जाहीर झाल्यावर काही लोक म्हणाले, बघा, जुनं वैद्यक जिंकलं. समितीच्या बाजूने तेव्हाच स्पष्ट करण्यात आलं की हा पुरस्कार पारंपरिक वैद्यकाला नाही, त्यातून प्रेरणा घेऊन केलेल्या संशोधनाला आहे. आम्हाला हे पटतं. जुन्या ग्रंथात ६४० नुसखे निवडण्यासारखे होते, त्यातला एक जगाला उपयोगी पडला. बाकीचे तपासणीत टिकले नाहीत. ग्रंथाने वाट दाखवली, पण खरं-खोटं ठरवलं ते तपासणीने. जे म्हणतात जुनं सगळं टाकाऊ, त्यांनी गे होंगकडे बघावं. जे म्हणतात जुनं सगळं खरं, त्यांनी बाद झालेल्या शेकडो अर्कांकडे बघावं.

म्हणून कोणी या झाडाचा वाळलेला पाला 'मलेरियाचा चहा' म्हणून विकू लागला तर घेऊ नका. पाल्यात सत्त्व अगदी थोडं, सहसा शेकड्यात एकाहून कमी, आणि तेही झाडागणिक, प्रांतागणिक बदलतं. तू यूयू यांच्याच अनुभवात बीजिंगच्या आसपासच्या झाडात ते कमी होतं. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. चहातून अर्धवट मात्रा पोटात जाते, रोगी बरा होत नाही आणि जंतू मात्र औषधाला सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही या चहाला विरोध आहे.

जंतू सरावण्याची भीती काल्पनिक नाही. २००८-०९ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात, म्हणजे जिथे क्लोरोक्विन हरलं त्याच मुलखात, आर्टेमिसिनिनला दाद उशिरा देणारे जंतू सापडले. नंतर आफ्रिकेतही तसे जंतू दिसले. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, आणि त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली लहान मुलं. उलट चीनमध्ये १९४० च्या दशकात वर्षाला तीन कोटी लोकांना हिवताप होत असे. ३० जून २०२१ रोजी तोच चीन हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाला. नुसत्या गोळीने ते झालं नाही. डास, डबकी, मच्छरदाण्या, रक्ततपासणी आणि घरोघर पाठपुरावा या सगळ्यांनी मिळून झालं. आपल्या देशाने २०३० चं उद्दिष्ट ठेवलं आहे.

तेव्हा आमचं मागणं थोडक्यात असं. ताप आला की अंदाजाने गोळी घेऊ नका, आधी रक्त तपासा. मलेरिया निघाला तर कुठल्या जातीचा ते विचारा, कारण जात वेगळी तर औषध वेगळं. व्हायवॅक्स निघाला तर यकृतात दडलेल्या जंतूसाठी चौदा दिवसांच्या गोळ्या सांगतात, त्या पूर्ण घ्या. घरात गरोदर बाई असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. टाकीला झाकण, पिंपाला फडकं. आणि विहारात अभ्यासाला बसणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना रसायनशास्त्राची ओढ आहे, त्यांना 'हे आपलं काम नाही' असं कोणी म्हणू नये. ज्या बाईंची हकिकत वर सांगितली, त्यांच्याकडे सुरुवातीला एक वही, काही रांजण आणि पुन्हा पुन्हा तपासून बघायची चिकाटी एवढंच होतं.